दोघं बसताना मागच्या चाकाची हवा

प्रिय लोकेश,

परवा फोनवर तू हसलास. म्हणालास, "हवा भरायले काय एवढं ताई? दुकानात गाडी लाव, तो भरून देते." उन्हाळ्यापर्यंत मीही तेच करत होते. पण बाबांची राजदूत म्हणजे तुझी नवी गाडी नव्हे, आणि मागे बसणारे बाबाही आता पूर्वीचे नाहीत. ते शेजारी असले की फोनवर धड बोलता येत नाही. आज रविवार, जेवून झोपलेत, म्हणून लिहायला बसले.

झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू आणि बोलणं गेलं, एवढं तुला ठाऊक आहे. पुढचं तू पाहिलेलं नाहीस. एसटीत चढवताना ते घाबरून दांडा सोडत नाहीत, मागची माणसं ओरडतात. ऑटोत बसले की उलटी. गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक म्हणून जन्मभर ज्या गाडीवर गावं फिरले, ती अंगणात झाकून होती, आणि ते दिवसभर तिच्याकडे बघत बसायचे. शेवटी मीच ती दुरुस्त करून घेतली. आता मालिश आणि व्यायामासाठी दर आठवड्याला मुलचेऱ्याहून आलापल्लीला आम्ही तिच्यावरच जातो. ओढणीनं त्यांना माझ्या कमरेशी बांधते. गाडी सुरू झाली की त्यांचा चेहरा सैल पडतो, पण सारा भार माझ्या पाठीवर येतो. घरी पोचल्यावर मला बसताही येत नाही, आडवंच व्हावं लागतं.

दुकानदारानं दोन्ही चाकांत पस्तीस पौंड हवा भरली होती. "टाइट रहने दो, मॅडम, पंक्चर नाही होनार." त्या हवेनं पुढचं चाक गिट्टीवर नुसतं उड्या मारायचं, आणि प्रत्येक उडीला बाबा कण्हायचे. गाडीचं पुस्तक वाळवीनं खाल्लेलं, विचारणार कुणाला? मग मीच हवा सोडली, आणि फार सोडली. जंगलातल्या वळणावर मागचं चाक डोलायला लागलं, टायरच्या आत ट्यूब सरकली, व्हॉल्व्ह मुळाशी फाटला आणि आम्ही दोघं आडवे झालो. वेग नव्हता म्हणून वाचलो. बाबांचं कोपर सोललं. मी ओढणी सोडली, त्यांना झाडाला टेकवलं आणि रस्त्यातच बसून रडले. तेंदूपत्ता घेऊन मंगली नावाची एक बाई येत होती. तिनं बाबांना लगेच ओळखलं. "हे त आमचे बैलाचे डागदरभाऊ होत!" त्यांना पाणी पाजून ती माझ्याकडे वळली. "तू काऊन रडून राह्यली, बाई? याईले त काई नाई झालं." मी डोळे पुसून त्यांचं कोपर धुतलं. तुला पडल्याचंही कळवलं नाही, कारण तू फोनवर घाबरला असतास आणि मग मलाच तुझी समजूत काढावी लागली असती.

नंतर मी हवा मोजायचा काटा आणला. अंगणात चुलीची राख पसरली, शेजारच्या इंदुताईंनी बाबांना मागे धरून बसवलं आणि मी गाडी राखेवरून ढकलली. नुसती मधली रेघ उमटली तर हवा जास्त. दोन्ही कडाच उमटल्या तर कमी. काढ, भर, परत ढकल. इंदुताई राखेनं पांढऱ्या झाल्या, आणि बाबा त्यांच्याकडे बघून हसले रे, तोंड वाकडं करून, पण आवाज काढून हसले.

तर नीट लक्षात ठेव. एकटा असशील तर पुढे वीस, मागे चोवीस. बाबा मागे असले की मागे तीस, पुढचं तसंच. हवा सकाळी, चाक थंड असताना बघायची. उन्हात चालवल्यावर काटा जास्त दाखवतो, तेव्हा हवा सोडायची नाही. ब्रेक हळू दाब, नाहीतर ते तुझ्या पाठीवर आदळतात आणि घाबरतात.

हे सगळं तुला का सांगते आहे, ते आता लिहायलाच हवं. मी शाळेतून बिनपगारी सुट्टी घेतली आहे. पुढच्या सोमवारी मी हेमलकशाकडे माझी मैत्रीण दिव्या हिच्या घरी जाते आहे, दिवाळीपर्यंत. मला कुठला आजार नाही, लग्न ठरलेलं नाही. असं एखादं कारण असतं तर तुला फोनवरच सांगितलं असतं. मी थकले आहे, लोकेश. तिथं रात्री मला कुणी उठवणार नाही, एवढ्यासाठीच जाते आहे. गडचांदूरहून तू आदल्या दिवशी, येत्या रविवारीच ये. कारखान्यात काय सांगायचं ते तू ठरव. बाबांना मी काल सांगितलं. वाटलं होतं रडतील, हात धरून ठेवतील. त्यांनी पलंगाखालची माझी बॅग डाव्या हातानं ओढून बाहेर काढली आणि माझ्याकडे सरकवली.

तुझीच,
मयुरीताई