ओला रंग पास करायचा नाही

४ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बसून वाच, आणि वाचून झाल्यावर लगेच रागावू नकोस. आधी चहा पी, मग रागाव. मी नोकरी सोडतोय. गेल्या आठवड्यात साहेबांच्या हातात राजीनामा ठेवून आलो. मार्चअखेर मोकळा होईन आणि मग आम्ही दोघं वर्षभर हिंडणार, जग बघणार.

तू म्हणशील, याला हे काय खूळ लागलं. अगं, सारा जन्म रंगाचे डबे ढवळण्यात गेला. गिऱ्हाइकानं आणलेल्या नमुन्याशी रंग जुळवायचा, पत्र्याच्या तुकड्यावर लावायचा, वाळू द्यायचा, खिडकीशी नेऊन बघायचा, मग पास किंवा नापास. पगार वेळेवर आहे, मान आहे, पुढे पेन्शनही आहे. पण डोळे आहेत तोवर चार गोष्टी बघून घ्याव्यात असं वाटायला लागलंय.

घरात आनंदी आनंद आहे. हिनं दुसऱ्याच दिवशी भलामोठा नकाशा आणून हॉलच्या भिंतीवर लावला. कारखान्यातल्या मंडळींनी पाठीवर टाकायची बॅग भेट दिली. नको रे म्हणणारं एकही माणूस अजून भेटलं नाही. आता राहिलीस तू. काय वाटतं ते स्पष्ट कळव.

गुडघ्याला जप. तुझा लोभ आजवर आहे, या पत्रानंतरही असू दे.

तुझा,
धाकटा

११ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चहा प्यायले, दोन कप. राग आला नाही, हसू मात्र आवरेना. अरे, तू आणि प्रवास! मामाकडे जाताना पहिल्याच वळणावर माझ्या नव्या फ्रॉकवर ओकलास, तो डाग शेवटपर्यंत गेला नाही. तुला लिफ्टमध्येसुद्धा गाडी लागते. आणि तू म्हणे वर्षभर जग हिंडणार.

माणूस बदलतो हे मला मान्य आहे. शिवणाच्या बाई म्हणून निवृत्त झाल्यावर मी नाही का पोहायला शिकले? पण घर, कारखाना आणि खिडकीजवळची खुर्ची यांपलीकडे ज्याला कधी काही सुचलं नाही, त्याला एकाएकी जग खुणावायला लागलं की माझं मन म्हणतं, कुठेतरी पाणी मुरतंय. साहेबांशी वाजलं का? कुणी काही बोललं का?

जा म्हणत नाही, जाऊ नको असंही म्हणत नाही. आधी खरं कारण सांग. गुडघा बरा आहे, त्याच्याआड लपू नकोस.

आशीर्वाद आहेतच.
ताई

१९ जानेवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यांनी मला वाचून दाखवलं, ओकण्याचा भाग गाळून. तो मी मागाहून वाचला.

मी किती खूश आहे म्हणून सांगू! शाळेच्या ऑफिसात बसून सहलींच्या गाड्या वर्षानुवर्षं मी ठरवते, आणि सहलीला दुसरेच जातात. आता चालायचे बूट घेतलेत. सवय व्हावी म्हणून घरभर घालून फिरते. भाजी चिरतानासुद्धा पायात असतात.

पण तुमच्यापासून काय लपवायचं? हे त्या नकाशाकडे ढुंकूनही बघत नाहीत. इकडे जाऊ या का म्हटलं की जाऊ म्हणतात, तिकडे म्हटलं तरी जाऊच म्हणतात. परवा एक मोजा निळा आणि एक काळा घालून कामावर गेले. फळं आणायला मलाच पिटाळतात, कच्चं-पिकलं तूच बघ म्हणतात. काय झालंय ते विचारायची मला भीती वाटते. खरं कारण निघेल आणि आमचं जाणं राहील. बघा, किती आपमतलबी झालेय मी.

मागच्या खेपेला तुम्ही स्वयंपाकघरात हळूच हॉलच्या रंगाबद्दल विचारलं होतंत. तो अजून तसाच आहे. फिकट राखाडी म्हणून यांनी स्वतःच डबा ढवळून दिला होता. तो जांभळा आहे हे कुणालाही कळेल, पण रंगाच्या माणसाला रंग शिकवायला जीभ कशी रेटणार? नकाशा लावल्यावर निदान तेवढी भिंत झाकली गेली.

हे लिहिलंय ते यांना कळू देऊ नका. माया आहेच तुमची, थोडी जास्तच लागेल आता.

तुमची,
भावजय

२५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आज आडपडदा ठेवत नाही. तुझ्या हॉलचा रंग जांभळा आहे. राखाडी नाही, फिकट नाही, चक्क जांभळा. मागे आले तेव्हा मी दचकलेच होते. पण रंगातला तू जाणकार, तुला कोण सांगणार म्हणून सगळे गप्प.

माझा मोतीबिंदू काढायच्या आधीची गोष्ट तुला माहीत नाही. मला सगळ्या चादरी पिवळट दिसायच्या. मी आपली धुणाऱ्या बाईच्या मागे लागायचे, नीळ घाल, अजून घाल. बिचारी घालत राहिली. डोळ्याची पट्टी सुटली तेव्हा कळलं, माझ्या चादरी शाळेच्या गणवेशासारख्या निळ्या झाल्यात. तू भिंतीचं तेच केलंयस.

आणि ते तुझं वाक्य, डोळे आहेत तोवर. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. डोळे जातायत असं तुला वाटतंय आणि कुणी कामावरून काढायच्या आत तू आपणहून निघालायस, खरं की नाही? ओला रंग खोटं बोलतो, वाळल्याशिवाय पास करायचा नाही, हे तूच आम्हाला येताजाता ऐकवतोस. मग एवढा मोठा निर्णय ओला असतानाच कसा पास केलास?

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. टाळलंस तर मी येऊन कान धरून नेईन. पन्नाशी उलटली म्हणून तुझा कान माझ्या हाताला लागणार नाही असं समजू नकोस.

काळजीत,
ताई

२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कान शाबूत आहेत, आणि देवाच्या दयेनं डोळेही. दोन्हीकडे मोतीबिंदू निघाला. उजवा काढला, डावा पुढल्या महिन्यात.

तुझं पत्र मी बाथरूमची कडी लावून वाचलं. तू लिहिलंस ते सगळं खरं होतं. मी पास केलेला बाकांचा रंग एका गिऱ्हाइकानं परत पाठवला होता. क्रीम मागितलं तर हे हिरवट आलं म्हणाले. मी तो पत्रा खिडकीशी नेऊन किती वेळा पाहिला, मला ते क्रीमच दिसत होतं. ताई, पायाखालची जमीन सरकली. डोळा हीच तर माझी नोकरी. डोळे कायमचे चालले असं मी धरूनच चाललो. नुसती नोकरी सोडतो म्हटलं असतं तर सगळ्यांनी का म्हणून विचारलं असतं. जग बघायचंय म्हटल्यावर कुणी काही विचारेना. मी मात्र रोज वाट बघत होतो, कुणीतरी जाऊ नको म्हणेल.

डॉक्टरीणबाई माझं ऐकून हसल्याच. म्हणाल्या, रंग कुठे गेलेले नाहीत, काच तेवढी मळलीय. पट्टी काढून घरी आलो, हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि ओरडलो, की हा रंग कुणी दिला? ही खाली मान घालून उभी. मग तिचे खांदे हलायला लागले. आम्ही दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. डॉक्टरांनी डोळ्यांना पाणी लावू नका सांगितलं होतं.

साहेबांनी राजीनामा पुढे पाठवलाच नव्हता. तुमच्यासारखा माणूस घाईनं काही करत नाही म्हणून थांबलो, म्हणाले. जीव भांड्यात पडला, ताई. मला कुठेही जायचं नाही. माझा डबा, माझी खिडकी, मी सुखी आहे.

फक्त हिला अजून सांगितलेलं नाही. ती अजून बूट घालून फिरते. तू सांगशील का?

तुझा,
धाकटा

५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

डोळ्यांचं वाचून देवापुढे उभी राहिले आणि मनसोक्त रडले. ते झालं.

आता दुसरं. मी सांगणार नाही. तुझा जीव भांड्यात पडला, तिनं तिचा कुठे ठेवायचा? जग बघायचंय ही थाप तू मारलीस, पण तिनं ती खरी मानली, कारण तिला ते खरोखर हवं होतं. तूच सांग, आणि भिंतीकडे नाही, तिच्याकडे बघून सांग. आता दिसतंय ना नीट?

आशीर्वाद आहेत, या पत्रापुरते जरा कमी.
ताई

१४ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

सांगितलं यांनी. यांचे डोळे वाचले म्हणून मी पुन्हा एकदा रडले, मग नकाशासाठी रडले, आणि मग राग आला तो जाईना. वेळेवर वाढत होते, पण तोंडातून शब्द काढला नाही. हे घरात पावलं न वाजवता चालत होते.

काल कामावरून आल्यावर त्यांनी ती भेट मिळालेली बॅग माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "मला जायचं नाही. पण तुला जायचंय, तर तू जा." वन्सं, लग्नाला इतकी वर्षं झाली, मला काय हवंय ते यांनी न विचारता ओळखलं, ही पहिलीच वेळ. माझा राग कुठल्या कुठे गेला.

वर्षभर नाही, शाळेच्या सुट्टीत दीड महिना. पण एकटीला धीर होत नाही. तुम्ही चला. तुम्हाला पोहता येतं, मला गाड्या ठरवता येतात, अजून काय लागतं? गुडघ्याचं कारण सांगू नका, दुखेल तिथे बसू. बसून बघण्यासारखंही जगात पुष्कळ असेल.

होकाराची वाट बघते.
तुमची,
भावजय

६ मे

अहो, नव्हे, अगं,

तुला काय मायना लिहायचा तेच कळेना. पत्र लिहावं इतकी लांब तू कधी गेलीच नाहीस.

मी मजेत आहे. कामावर जातो. डावा डोळाही झकास. परवा एक निळा असा जुळवला की गिऱ्हाईक पत्र्याचे दोन्ही तुकडे हातात घेऊन आपला कुठला तेच विसरलं. संध्याकाळी घर मोठं वाटतं, तेवढं एक आहे. ताई तुला फार बोलत नाही ना? ती पाण्यात उतरली तर तू काठावरच थांब.

तू यायच्या आत हॉल रंगवायला घेतलाय. जांभळा खरवडून काढला. भिंतीवर शेजारीशेजारी तीन पट्टे मारून ठेवलेत, एक राखाडी, एक फिकट हिरवा, एक बदामी. वाळलेत, उजेडात बघितलेत. मला कुठला आवडला ते मुद्दाम सांगत नाही. या वेळी तू ठरव आणि खरं काय ते सांग. मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नकोस. त्या गप्प बसण्यापायी मी जवळजवळ नोकरी सोडली होती.

ताईला नमस्कार. सावकाश या, पण या.

तुझा,
रंगारी

ता. क. उशांचे अभ्रे निळे आहेत हे मला आत्ता कळलं. छान आहेत.

१८ मे

अहो,
स. न. वि. वि.

कार्ड लहान आहे म्हणून थोडक्यात. समोर समुद्र आहे, वन्सं त्यात आहेत, मी गुडघ्यापर्यंत उतरले. बूट काठावर आहेत. इतकं छान वाटतंय की तुमची दया येते.

खरं सांग म्हणालात म्हणून सांगते. तिन्ही पट्टे खरवडून टाका. मला हॉल पांढरा हवा होता, घर घेतलं तेव्हापासून. पांढरा म्हणजे पांढरा, त्यात काही मिसळायचं नाही. रंगाच्या माणसाकडे पांढरा कसा मागायचा म्हणून बोलले नव्हते.

पुढल्या खेपेला दोन दिवसांपुरते तरी चला. गाडी लागण्याची गोळी मी आत्ताच घेऊन ठेवलीय.

लोभ आहे, भिंत वाळेपर्यंत वाढेलही.
तुमचीच