चिकातल्या पिशव्या

आई, बारामतीच्या दवाखान्यात बाकावर बसून लिहितेय. आत काकीला सलाइन लावलंय. ते संपायला दुपार होईल, आणि मला एका जागी बसवत नाही. मघापासून कितीदा तरी उठून काचेतून डोकावून आले. शेवटी नर्स वैतागली. "मॅडम, तुमी बघितलं म्हणून थेंब लवकर पडत न्हाईत," म्हणाली. तू असतीस तर हेच म्हणाली असतीस, फक्त मॅडम न म्हणता.

माझी घाई तुला काय नवी आहे? लोणी भापकरच्या घरात म्हैस व्याली की तू खरवस लावायचीस. पातेल्यात पाणी, त्यात डबा, डब्यात गूळ विरघळवलेला चीक आणि वर वेलदोड्याची पूड. मी चुलीपाशी बसलेय, झाला का बघायला सारखं झाकण उचलतेय, आणि तू माझ्या हातावर पळी मारतेस. "अगं, धर की जरा दम! अर्धवट उघडलंस की बिघडतं ते." मग उरलेल्या चिकाचा तांब्या घेऊन मला वस्तीवर पिटाळतेस. चीक विकायचा नाही, वाटायचा. आणि तांब्या कुणीच रिकामा परत द्यायचं नाही. येताना त्यात मूठभर साखर असायची, नाहीतर ज्वारी. साखर असली की घरी येईपर्यंत निम्मी माझ्या पोटात.

आता मी प्रयोगशाळेत त्याच चिकावर काम करते म्हटलं तर तुला हसू येईल. शरीरातली प्रत्येक पेशी अगदी बारीक पिशव्या बाहेर टाकत असते, एक्सोसोम म्हणतात त्यांना. ज्या पेशीतून निघाल्या तिची खूण त्यांच्यात असते. कॅन्सरची पेशीही त्या सोडते आणि त्या रक्तात फिरतात. म्हणून नळीभर रक्तातून गाठीचा पत्ता आधीच लागेल का, यावर जगभर माणसं खपतायत. गाईच्या चिकातही या पिशव्या भरपूर असतात. आम्ही त्या वेगळ्या काढतो, त्यांच्यात कॅन्सरचं औषध भरतो आणि ते नेमकं गाठीपर्यंत जातं का, हे बघतो. चीक आणायला मी इंदापूरकडच्या एका गोठ्यावर जाते. मालक पैशाचं नाव काढू देत नाही. "ताई, चिकाचं कुणी पैसं घेतं व्हय?" म्हणतो.

दिवाळीत हे सगळं मी काकीला सांगितलं. तिच्या छातीतली गाठ नुकतीच काढली होती, केमो सुरू व्हायची होती, आणि मला तिला धीर द्यायचा होता. नको तिथे झाकण उचललं, आई. माझी जीभ कधी स्वस्थ बसली आहे?

काल दवाखान्यातून मला फोन आला, पेशंट दोन वेळा आल्याच नाहीत म्हणून. काकी तर मला फोनवर सांगत होती, "व्हय, जाऊन आले की." मी तशीच इंदापूरहून, बर्फाच्या पेटीत चीक घेऊन, एमआयडीसीतून सुटलेल्या मोटारसायकलींना हॉर्न मारत काकीच्या घरी आले. फ्रीज उघडला. दुधाला जागा नाही, वरपासून खालपर्यंत खरवस! वस्तीवर कुणाचंही जनावर व्यालं की चीक आधी हिच्याकडे येत होता. आजारी बाईला कोण नाही म्हणणार? सगळ्यांनी मायेनंच दिला होता, म्हणून तर कुणावर ओरडायचीही सोय नव्हती.

म्हणून मी काकीवर ओरडले. "काकी, ह्ये औषध न्हाय!"

"तूच म्हणलीस की, त्यात पिशव्या हायती. औषध गाठीवर नेत्यात."

"रिकाम्या हायती त्या! औषध आमी बाहीरनं भरतो. तुझं औषध हितं न्हाय, दवाखान्यात हाय."

ती पदराशी चाळा करत बसली. मग हळूच म्हणाली, "तुझ्या आईला मीच न्यायची दवाखान्यात. तिच्या उलट्यांचं भांडं मीच धरलंय. पुढं काय झालं?"

आई, तिथे माझं शिक्षण संपलं. मला तुझा राग आला, अजून येतो. अंघोळीला बसताना तुझ्या हाताला ती गाठ लागत होती आणि तू वर्षभर तोंड शिवून बसलीस. तुझ्या रक्तात तेव्हाही त्या पिशव्या फिरत असतील, पण त्या वाचणारं कुणी नव्हतं आणि तू बोलली नाहीस. बोलली असतीस तर वाचली असतीस का, ते मला माहीत नाही. हे "माहीत नाही"च मला बसू देत नाही.

काकीला मी एवढंच म्हणाले, "आईचं लई उशिरा कळलं. तुझं येळंत कळलंय. तांब्या रिकामा परत द्यायचा न्हाय म्हणता ना तुमी? मग ह्या पिशव्या रिकाम्याच पोटात घालून काय उपेग?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, खरवसाचे डबे एकेक करून बाहेर काढले आणि म्हणाली, "पोरांना वाट जा. आन सकाळी लवकर ये, एस्टीनं न्हाय जायची मी."

आज सुई टोचताना तिनं माझा हात असा दाबला की बोटं अजून दुखतायत. वर टांगलेल्या पिशवीकडे बघून विचारलं, "ही भरल्याली हाय नव्हं?" मी मान हलवली. नर्स लांब गेल्यावर तिनं मला जवळ ओढलं. "तुझं ते चिकाचं औषध. त्ये येईस्तोवर मी टिकले, तर मला मिळंल?"

मी म्हणाले, "मिळंल की. तवर ह्ये सोडायचं न्हाय." ती हसली आणि डोळे मिटले. आत्ता बघून आले, झोपली आहे.

हा कागद घडी करून पर्समध्येच राहणार, पाठवायचा तरी कुठे? आम्ही अजून उंदरांपर्यंतच पोचलोय, आई. हे तुला सांगितलं. तिला नाही.