चार बोटं ढिलं

प्रिय अक्का,

दिवाळीला तू म्हणालीस, "सीमा, समदं शिवणकाम एकटीच काहून करून राहिलीस? दुकानात बाई ठेव, काम वाटून दे." ठेवली बाई. शेजारची तारा. मशीनवर हात चांगला हाय तिचा.

लग्नसराईत एकाच घरच्या साऱ्या सुनांचे ब्लाउज आले. तिला म्हणलं, "अंगापेक्षा चार बोटं ढिले ठेव," आन् मी अस्तर आणायला हिंगोलीला गेले. गोरेगावला परत येऊन बघते, तर समद्या ब्लाउजांची झबली झालेली!

"हे काय केलंस?"

"बराबर चार बोटंच ठेवलीत, सीमाताई." आन् तिनं पंजा माझ्यापुढं धरला. अक्का, तिचं एक बोट म्हणजे माझी दोन!

सकाळपासून उसवून राहिले. काम वाटून देता येतं, बोटं कशी वाटून देऊ?

तारा म्हणते, "पत्र द्या, पेटीत टाकून येते." मघापासून हात पुढं करून उभी हाय. पण न्हाई. पत्र मीच टाकीन, ह्या ब्लाउजांतून उठले की.

उसवता उसवता,
तुझी सीमा