बालवर्गाची बैलजोडी

१० जानेवारी १९५१, बुधवार
बालवर्गाचं 'आमचं शेत' हे नाटुकलं आता कुठे उभं राहायला लागलं. २६ तारखेला झेंड्यानंतर गावासमोर करायचं. पेरणी, राखण, खळं, बस. पाच-पाच वर्षांची मुलं, जास्त झेपायचं नाही. कणसं झालेल्या पोरी एका जागी उभ्या राहत नाहीत. राखणदार माळ्यावर चक्क झोपतो. बैल मात्र फक्कड. दिनू आणि लतीफ. मी निवडले नाहीत, दोघं आपणहून जुवाखाली शिरले. सुताराने हलकं जू करून दिलंय. वळणावर लतीफ खऱ्या बैलासारखा फुरफुरतो.

१५ जाने., सोम.
मुलांना तिळगूळ वाटत होते, तर दारात किसनराव पाटील. दिनूचे आजोबा. आत आले नाहीत.
"बाई, बैल बदला."
"का हो?"
"पोळ्याला आमी बैलाच्या पाया पडतो. अन् तुमी मुसलमानाचं पोर बैल करायलाव? त्येबी माझ्या नातवाच्या जोडीला?"
लहान आहेत हो, म्हटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "सेलूचं तुमचं घर रझाकारांनी जाळलं. इसरलात व्हय?"
विसरले नाही. अजून कुठे धूर दिसला की दाराबाहेर धावते. पण लतीफ तेव्हा नुकता बोलायला लागला असेल.

१६, मंगळ.
हेडमास्तरांच्या कानावर घातलं. "पाटलांशी वाकडं नको. शाळेची जागा त्यांची. लतीफला कावळा करा." बघते म्हटलं. केलं नाही. हट्ट म्हणावा तर आज फळ्यावर तीनदा चुकीची तारीख लिहिली.

१९, शुक्र.
सकाळी घराचं दार उघडलं तर उंबऱ्यावर बैलांची कागदी शिंगं. मुलांनी खळ लावून केलेली. चारही तुडवलेली. ती शाळेच्या कपाटात होती. कपाटाची किल्ली हेडमास्तरांकडे. म्हणजे...
आज कुणाच्याच तोंडाकडे बघवेना. आतून कडी लावून बसले.

२१, रवि.
लतीफच्या घरी गेले. आई हमीदाबी जात्यावर. नवऱ्याला पोलीस ॲक्शननंतर, त्या भादव्यात, गावातलेच लोक घेऊन गेले. परत आला नाही. गावात कुणी त्याचं नाव काढत नाही. तिला सगळं आधीच कळलेलं.
"बाई, तुमची बदली व्हईल. आमाला इथंच ऱ्हायचंय. नका घालू माझ्या लेकराला ह्यात."
बरं म्हटलं. सुटल्यासारखं वाटलं, अन् मग स्वतःचीच शिसारी.
लतीफ अंगणात कडब्याचं धाट तोंडात धरून रांगत होता. ती जातं थांबवून त्याच्याकडे बघत राहिली.

२४, बुध.
दिनूला दुसरा जोडीदार दिला. जागचा हलेना. "ह्यो माझा बैल न्हाई." रडून रडून उलटी केली. लतीफ शाळेत आला नाही.

२६, शुक्र.
झेंडा झाला. सगळं गाव समोर, किसनराव पहिल्या खुर्चीवर, काठी मांडीवर आडवी. मी दिनूला म्हणत होते, एकट्यानं ओढशील का रे? तेवढ्यात हमीदाबी. लतीफचा हात धरून, गर्दीतून सरळ. धुतलेला सदरा, कपाळाला गेरू, फडक्याची शिंगं. तिनेच शिवलेली. "घ्या बाई. तीन दिस रडतंय," एवढंच, आणि भिंतीला जाऊन टेकली. तिचे ओठ पांढरे पडलेले. माझेही पडले असतील.
जू बांधलं. पोरं निघाली. कणसं डोलली. दुसऱ्या वळणाला लतीफचा पाय अडकला, दोघंही कोसळली. दिनूचा गुडघा फुटला, रक्त. माणसं उठली. मागून कुणीतरी "बघा, बघा!" ओरडलं. किसनराव काठी घेऊन पुढे आले. मी मध्ये गेले की नाही, खरंच आठवत नाही. हमीदाबीची किंकाळी तेवढी आठवते.
त्यांनी काठी टाकली, दिनूला उचललं. जू बांधलेलंच. लतीफची मान ताणली गेली, तो गुदमरून खोकायला लागला. किसनराव थबकले. मग खाली बसले, लतीफच्या गळ्याची गाठ सोडायला लागले. गाठ घट्ट. नखांनी उकलत राहिले. सुटल्यावर लतीफ म्हणाला, "दिनूची बी सोडा."
तीही सोडली. नातवाला घेऊन निघून गेले. काठी तिथेच पडून.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

२९, सोम.
दिनू आला नाही. लतीफ दिनूच्या जागेवर बसला. "बाई, दिनू कवा यील?" दोनदा विचारलं.
शाळा सुटताना कोतवाल आला. पाटलांनी चावडीवर बोलावलंय, मला आणि हमीदाबीला. आत्ताच. कशाला? "मला काय ठावं, बाई. काय बोलंनात." राग दिसतो का, विचारलं. त्यानं मान हलवली. त्यातून काहीच कळलं नाही.
हमीदाबी दारात उभी आहे. लतीफला कडेवर घेतलंय. घरी ठेव म्हटलं, ऐकत नाही.
"लिव्हायचं ऱ्हाऊ द्या, बाई. चला, संगंच जाऊ."