शुक्रवारची सोबत

ता. ४

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सगळं जग तुझ्या पाया पडतं. मी मात्र आशीर्वादच देणार. बेचाळिसाव्या वर्षी मला दिवस गेलेत. हसू नकोस. थोरलीची परीक्षा तोंडावर आहे आणि शिवणयंत्रावर बसलं की मला गरगरतं. मागच्या बाळंतपणात मरता मरता वाचले, तुला ठाऊकच आहे. तू ठरवशील ते मान्य, असं म्हणून हे जहाजावरच्या नोकरीवर निघूनही गेले.

मी ठरवलंय, हे मूल नको. दवाखान्यात पुढच्या शुक्रवारची वेळ मिळाली आहे. पण मन खातं रे. पाप की पुण्य ते विचारत नाही. तिथल्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बस, एवढंच. तू संन्यास घेऊन घर सोडलंस त्याला बावीस वर्षं झाली, कधी काही मागितलं नाही.

वाट पाहणारी,
ताई

ता. ८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून जीव कासावीस झाला. माझ्याकडे अशा कितीतरी जणी येतात. त्यांना सांगतो तेच तुला सांगतो. शरीर तुझं, निर्णय तुझा. देव काठी घेऊन बसलेला नाही. असं सांगतो म्हणून मठातले वडीलधारे रागावतात, रागावोत बापडे.

शुक्रवारी मात्र भेटीला येणाऱ्यांची रांग असते, ती मोडता येत नाही. मनानं मी तुझ्याजवळच आहे. माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. १६

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सगळं नीट पार पडलं. अंगात त्राण नाही, जिभेत मात्र आहे. तुझं पत्र लाख मोलाचं, पण दोनदा वाचूनही त्यात माझा भाऊ सापडला नाही.

बाकावर शेजारी विशीतली एक मुलगी होती, एकटीच. एवढा धीर कुठून आणलास, विचारलं. तर म्हणाली, एका गुरूंनी तासभर ऐकून घेतलं, स्वतः पाणी आणून दिलं आणि देव काठी घेऊन बसलेला नाही असं सांगितलं. अभिमानानं ऊर भरून आला. तिचा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू? आपलं नातं तिला सांगितलं नाही. आत बोलावेपर्यंत तिचा हात धरून बसले.

तुझी फार आठवण येते. बरी झाले की एका शुक्रवारी मीही तुझ्या रांगेत उभी राहीन. माझा नंबर लागला की ताई आली म्हणून गडबडून उठू नकोस. पाणी दे, आणि तासभर ऐक.

तुझीच,
ताई