वर चढणारे ओघळ

सोमवार, ३ मार्च

आज पुन्हा रसिकराजांचं भजन ऐकावं लागलं. रसिकराज हे नाव मी ठेवलंय. साप्ताहिकात दर रविवारी त्यांचं एक पान असतं — ‘मला आवडलेलं’. एखादं गाणं, एखादं चित्र, एखादी खुर्ची, एखादा दिवा. या गृहस्थांना दर आठवड्याला काहीतरी आवडतंच! मला गेल्या दोन-तीन वर्षांत काही आवडलं नाही. कॉलेजही नाही. म्हणून तर दुसऱ्या वर्षाला सोडलं.

ती त्याच साप्ताहिकात कामाला आहे. आम्ही एका वर्गात होतो. ती शिकून पुढे गेली, मी काकांच्या फ्रेमच्या दुकानात आलो. रसिकराजांची चित्रं आमच्याकडे आणून टाकायचं कामही तिच्याच गळ्यात आहे. माझी काही हरकत नाही. त्यांनी रोज एक चित्र घ्यावं. भिंती संपल्या तर छताला लावून देऊ.

‘‘सरांची नजर बघ ना,’’ म्हणाली.

‘‘नंबर किती आहे?’’

हसली नाही. गठ्ठा टेबलावर ठेवला आणि गेली.

बुधवार, ५ मार्च

या आठवड्यात त्यांनी सुचवलेलं गाणं ऐकलं. एका म्हाताऱ्या बाईंचं जुनं ध्वनिमुद्रण. मागे एकच वाद्य, तेही अर्धवट झोपेत. बाई मध्ये मध्ये श्वास घेतात तो चक्क ऐकू येतो. रसिकराज लिहितात, तो श्वास हेच खरं गाणं. मग आमची काकू जिना चढते ती मैफलच म्हणायची.

जेवताना हे बोललो. काकू म्हणाली, ‘‘मैफल फुकट नसते हो राजे. आज भांडी तुमच्याकडे.’’

भांडी घासताना परत ऐकलं. चुका शोधायला. मग अजून एकदा.

शनिवार, ८ मार्च

आजची फजिती. रसिकराजांनी त्या गाण्याखालीच लिहिलं होतं — जुन्या पोस्टाच्या जिन्याचा कठडा हाताने ‘वाचून’ बघा. गेलो. वाचला. लाकडी कठडा आहे. वळणावर जरा रुंद होतो, तिथे हात आपोआप टेकतो. बरं मग? कठड्याचं कामच ते.

वरून एक कारकून वाकून बघत होता. ‘‘काय हवंय?’’

‘‘कठडा बघतोय.’’

‘‘तुम्हीपण का? आठवडाभर हेच चाललंय. येताय तर निदान फडकं तरी घेऊन येत जा.’’

मी त्यांच्यातला नाही हे त्याला सांगणार होतो. पण हात कठड्यावरच होता.

सोमवार, १० मार्च

ती आली. या वेळी गठ्ठा नाही, एकच चित्र. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून आणलेलं.

‘‘सरांकडे जायचंय. जरा जपून कर.’’ मग थोडं थांबून, ‘‘कसं वाटतं?’’

एका कडेला काळसर निळा जाड पट्टा. त्यातून रंगाचे बारीक ओघळ निघालेले. बाकी कागद मोकळा. सही नाही. मी म्हणालो, ‘‘कुणीतरी ब्रश पुसलाय आणि सरांना तो जपून ठेवायचाय.’’

 तिने पिशवीचा बंद उगाच सोडून परत बांधला. मग म्हणाली, ‘‘तुला काय आवडत नाही ते मला आता पाठ झालंय. आवडतं काय रे?’’

मी चित्राचं माप घेऊ लागलो. तर म्हणते कशी — साप्ताहिकात नवा माणूस घेणार आहेत. तिने संपादकांकडे माझ्यासाठी शब्द टाकलाय. पुढच्या सोमवारी पानभर मजकूर द्यायचा, आवडलेल्या कुठल्याही एका गोष्टीवर. ‘‘लिहिशील चांगलं. माहीत आहे मला. मग आपण एकाच खोलीत बसू.’’

एकाच खोलीत. ती सहज बोलली. मी सहज ऐकलं नाही.

मंगळवार, ११ मार्च

आमच्या धंद्यात सगळं काम पालथं. चित्र तोंडावर झोपवायचं, मागे पुठ्ठा, बारीक खिळे, कडेने कागदी पट्टी, मग हूक. दिवसभर मी लोकांच्या आवडीची पाठ बघत असतो. पाठ सगळ्यांची सारखीच!

आज ते ब्रशपुसणं संपवलं. तिचं ते ‘सरांची नजर’ डोक्यात होतं. दाणदाण हूक ठोकले. काका आतून म्हणाले, ‘‘त्या फ्रेमने तुझं काय घोडं मारलंय?’’

खाकी कागदात गुंडाळून ठेवलं. संध्याकाळी घेऊन गेली.

गुरुवार, १३ मार्च

पान कोरं. मी ज्याच्यावर पानभर लिहीन असं एकच आहे. आणि ते पान तपासायला तीच बसणार.

शुक्रवार, १४ मार्च

दिव्यावर लिहायला घेतलं. दुसऱ्या ओळीपर्यंत दिवा वाईट निघाला.

रविवार, १६ मार्च

सापडला! रसिकराज सापडला!

आजच्या पानावर त्यांच्या भिंतीचा फोटो आहे. आणि भिंतीवर ते चित्र — उलटं! निळा पट्टा खाली, आणि सगळे ओघळ वर निघालेत. रंग वर ओघळतो का कधी? शेंबड्या पोराला कळेल. हूक मी खालच्या कडेला ठोकलेत. त्या दिवशीचा राग असा कामाला आला.

आणि खाली हे थोर गृहस्थ काय लिहितात? ‘इथे रंग गळत नाही, वर चढतो. वजनाला न जुमानणारं हे चित्र मी रोज सकाळी बघतो.’

ही ती नजर! पोट धरून हसलो. काकू दारात येऊन म्हणाली, ‘‘बरं आहे ना?’’ कित्येक महिन्यांत इतकं बरं नव्हतं.

एका बैठकीत पान लिहिलं. पेन अडलंच नाही. आवडलेल्या गोष्टीवर लिही म्हणाली होती ना? हे मला फार आवडलंय.

सोमवार, १७ मार्च

पान तिच्या हातात दिलं. तिने माझ्यासमोरच उभ्याने वाचलं. मी तिचं तोंड बघत होतो. कुठल्या ओळीला हसेल ते मी आधीच ठरवून ठेवलं होतं. त्या ओळी आल्या आणि गेल्या.

‘‘हे छापायचं?’’

‘‘घाबरलीस? तुझे सर आहेत म्हणून?’’

‘‘नाही.’’ कागदाची घडी घातली. ‘‘लिहिलंयस चांगलं. खरंच चांगलं आहे. देते मी.’’

चांगलं म्हणाली! दोनदा म्हणाली. तिचा चेहरा असा का होता कोण जाणे. देव पडला की भक्ताला लागतंच थोडं. होईल सवय.

रविवार, २३ मार्च

छापून आलं. माझ्या नावानिशी, एक शब्द न कापता. सकाळपासून फोन. कॉलेजमधल्या ज्यांनी वर्षभर ओळख दाखवली नाही तेही खिदळतायत.

फक्त काका नाहीत. पेपर माझ्यासमोर आपटला. ‘‘शहाण्या, उलटं लावलं कुणी? तूच ना? आमच्या दुकानात चित्रं उलटी लागतात हे अख्ख्या गावाला ओरडून सांगितलंस. वर नाव घालून!’’

खरं सांगायचं तर यात दुकानाचं नाव जातंय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तिचा फोन नाही.

मंगळवार, २५ मार्च

दुपारी रसिकराज दुकानात आले. मी त्यांना पहिल्यांदाच जवळून बघितलं. शर्टाची कॉलर झिजलेली. बगलेत ते चित्र. भांडायला आले असणार म्हणून मी बाह्या सरसावून उभा राहिलो.

‘‘हूक वरच्या बाजूला लावून मिळतील का?’’ म्हणाले. बस्स, एवढंच.

मी म्हटलं, ‘‘आता कळलं का?’’

‘‘घरी आणलं त्याच संध्याकाळी कळलं. आम्ही दोघांनी मिळूनच भिंतीवर लावलं होतं. मी लगेच परत पाठवणार होतो. ती म्हणाली, नको सर, त्याला घरी आधीच कॉलेजवरून बोलणी बसतात, यात अजून भर कशाला. राहू दे असंच.’’

‘‘मग तुम्ही खोटं लिहिलंत?’’

‘‘छे. रोज बघत गेलो. उलटंही वाईट नव्हतं. जे भिंतीवर होतं ते लिहिलं.’’ मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. ‘‘तिने तुम्हाला सांगितलं नाही का, चित्र कुणाचं ते?’’

मी हातोडी शोधू लागलो. ती हातातच होती.

‘‘तिचं पहिलंच. कुणाला दाखवत नव्हती. मी मागून घेतलं होतं. आता तिला ते परत हवंय.’’

चित्र पालथं घातलं. जुने हूक उपटले, दुसऱ्या कडेला लावले. सरळ केल्यावर बघायचं होतं. त्यांच्यासमोर मान वर झाली नाही. गुंडाळून दिलं.

पैसे विचारत होते. काका आतून म्हणाले, ‘‘लाजवू नका साहेब.’’

बुधवार, २६ मार्च

फोन उचलत नाही.

शुक्रवार, २८ मार्च

तिच्या घरी गेलो. तिच्या आईने दार अर्धंच उघडलं. ‘‘तू का तो? फ्रेमवाला?’’  

गुरुवार, ३ एप्रिल

साप्ताहिकात पहिला दिवस. रसिकराजांनी लिहिणं थांबवलं, त्यांचं पान मला दिलंय. संपादक म्हणाले, ‘‘तुमचा लेख तिनेच आणून दिला. म्हणाली, कापू नका, आणि माझ्या जागी याला घ्या. आम्हाला वाटलं चेष्टा करतेय.’’ कुठे गेली ते त्यांनाही माहीत नाही.

खोली तीच. टेबल तिचं. खुर्ची तिच्या उंचीला लावलेली, माझे गुडघे वर येतात. रविवारसाठी आवडलेली एक गोष्ट हवी आहे. संपादक दोनदा विचारून गेले.

खुर्चीच्या उंचीला हात लावलेला नाही.