महेश्वरीची नऊची गोळी

३ नोव्हेंबर, रविवार
ट्रेनिंग संपलं. सर्टिफिकेट आणि टी-शर्ट मिळाला. जिल्ह्यात माझ्याइतका तळमळीचा स्वयंसेवक नाही, हे मी सोडून कुणी बोललं नाही. काम सोपं : एचआयव्हीच्या पेशंटची रोजची गोळी चुकू द्यायची नाही. सेंटरच्या दीपमाला मॅडमनी सुरुवातीला एकच पेशंट दिली. अवघड केस असणार.

५ नोव्हेंबर
पेशंट महेश्वरी, जळकोटची. नवरा वारला, सासूजवळ राहते. दोघी भाकरी करून हायवेच्या ढाब्यांना देतात. गोळी रात्री नऊला, आजवर एकही चुकलेली नाही. म्हणजे सुधारणेला भरपूर वाव. तिनं हात जोडून सांगितलं, भाऊ, भेटायचं ते सेंटरवरच, घरी येऊ नका, गल्लीत कळलं तर आमची भाकरी कुणी घेणार न्हाय. मी शब्द दिला.

१२ नोव्हेंबर, रात्री
जळकोटला तिच्या घरी जाऊन आलो. शब्द सेंटरवर दिला होता, फील्डचं वेगळं असतं. संस्थेच्या गाडीवरच्या स्टिकरवर पेपर चिकटवला होता. गोपनीयता! पेपराखाली काय आहे ते बघायला अर्धी गल्ली जमली. महेश्वरी पिठाच्या हातानं दारात उभी. शेजारच्या गोरोबानं विचारलं, काय काम काढलं? मी प्रसंगावधान राखून सांगितलं, ताकदीच्या गोळ्यांची कंपनी आहे, या घरानं कोर्स घेतलाय. तिच्या सासूबाई लक्ष्मम्मा भाकरी थापायच्या थांबल्या. त्यांना बिचाऱ्यांना सुनेचं काही माहीत नसावं.

१९ नोव्हेंबर
लोकप्रियतेचा त्रास. गोरोबाचे गुडघे लई दुखतात म्हणे. रोज जेवून त्यांच्या ओट्यावर येऊन बसतो, तुमचा डोस झाला की एक गोळी मला बी द्या म्हणतो, आणि हलत नाही. त्याच्यासमोर डबी काढता येईना, म्हणून महेश्वरीची गोळी राहू लागली. तिला फोनवर नियमितपणाचं महत्त्व तासभर समजावलं. तिनं एकदाही मधे तोंड घातलं नाही. फोन बहुधा पिठाच्या डब्यावर ठेवून दिला असावा.

२४ नोव्हेंबर
तोडगा काढला. गोरोबाला सांगितलं, गोळ्या फक्त बायकांसाठी आहेत. तो उठला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको आणि दोन भावजया येऊन बसल्या.
पण प्रश्न निम्मा सुटला.

१ डिसेंबर
जागतिक एड्स दिनाची रॅली. बॅनर धरून सगळ्यात पुढं मी. फोटो छान आला, चार-पाच ग्रुपवर स्वतःच टाकला, जळकोटच्या ग्रुपवरही. संध्याकाळी गोरोबाचा फोन. त्यानं विचारलं, गोळ्यावाले साहेब, ह्ये तुमीच न्हवं? मी अभिमानानं हो म्हणालो. त्यानं लगेच फोन ठेवला. भारावला असावा.

९ डिसेंबर, सोमवार
मॅडमनी बोलावलं. समोर लक्ष्मम्मा. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मुलगा दवाखान्यात होता तेव्हापासून. सुनेला रोज नऊला भाकरीबरोबर गोळी त्याच देत आल्या. म्हणाल्या, तुमी येईस्तोवर आमचं येळेवर चाललं होतं बाबा. आता ढाबेवाले भाकरी घेत न्हाईत, आज बी परत धाडली. पण गोळी चुकत न्हाय, दार उघडं ठेवूनच घेतीया, ओट्यावर बसायला आता कुणीच येत न्हाय.
म्हणजे पेशंट पुन्हा नियमित! मी हे मॅडमच्या नजरेस आणून दिलं. त्यांनी टी-शर्ट परत मागितला.
निघताना लक्ष्मम्मांनी ढाब्यावरून परत आलेल्या भाकरीची चवड माझ्यापुढं धरली. सकाळीच केलीया, म्हणाल्या. तुमाला तर सगळं माहीत हाय, तुमी तरी खाल.
माझा गुरुवार असतो, म्हणालो.

आज सोमवार आहे, हे बसमध्ये लक्षात आलं.